शंभर सामन्यांसाठी एकशे दोन हेलपाटे

माझा एक मित्र लीग ऑफ लीजेंड्स खेळतो आणि विषय निघाला की "शंभरातले साठ तरी जिंकतोच मी" असं ठोकून देतो. एकदा म्हटलं, बघूच. गेममध्ये जुने सामने दिसतात, पण एकेक उघडून बोटं मोडत बसणार कोण? पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, मित्राचं नाव द्यायचं, शेवटचे शंभर सामने आणायचे, जिंकलेले मोजायचे. झालं काम.

ते काम खरोखर पाच-सहा ओळींत झालं. पण त्यात माझी हुशारी फारशी नव्हती. कुणीतरी आधीच ठेचा खाऊन, त्या ठेचांवर उपाय शोधून एक लायब्ररी, म्हणजे इतरांना आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड, लिहून ठेवली होती आणि मी ती वापरत होतो. ही लायब्ररी आत काय करते ते कळलं की ऑनलाइन गेमचा डेटा नेमका कसा मिळतो, तेही कळतं. म्हणून मित्राच्या फुशारकीचा माग धरूनच पुढे जाऊ.

ऑनलाइन गेमची खरी नोंदवही आपल्या कॉम्प्युटरवर नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते. त्या वहीतली काही पानं बाहेरच्यांना बघता यावीत म्हणून कंपनी एक अधिकृत खिडकी उघडते. तिचं नाव एपीआय. अमुक पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवायची, सोबत आपली ओळख पटवणारी 'की', म्हणजे गुप्त किल्ली, जोडायची, मग उत्तर मिळतं. उत्तर बहुतेक वेळा जेसन नावाच्या मांडणीत येतं. जेसन म्हणजे साधा मजकूरच, फक्त 'कशाचं नाव' आणि 'त्याचं मूल्य' अशा जोड्यांमध्ये रचलेला. खिडकीवर आपण स्वतःही जाऊ शकतो, लायब्ररी लागतेच असं नाही. लायब्ररी म्हणजे त्या खिडकीवर रोज जाणारा, तिथल्या सगळ्या खोडी पाठ असलेला माणूस. आपण त्याला काम सांगायचं, खेटे तो घालतो.

आता मित्राचं नाव. पूर्वी या गेममध्ये प्रत्येकाचं एक समनर नेम असायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा गेम बनवणाऱ्या रायट गेम्सनं ती पद्धत मोडीत काढली आणि नाव अधिक टॅग अशी जोडी आणली, दोन्हींच्या मध्ये #. ही जोडीसुद्धा खेळाडूला बदलता येते. त्यामुळे सर्व्हर आतल्या आत माणसाला नावानं ओळखतच नाही. प्रत्येक खात्याला ७८ अक्षरांची एक लांबलचक ओळख दिलेली असते, तिला पीयूयूआयडी म्हणतात. गंमत म्हणजे हीसुद्धा तुमच्या प्रकल्पापुरतीच खरी. ती एन्क्रिप्ट केलेली असते, आणि एका प्रकल्पाच्या कीनं मिळवलेली ओळख दुसऱ्या प्रकल्पाच्या कीसोबत पाठवली तर सर्व्हर ती उलगडू शकत नाही, एरर देतो. मित्राकडून त्याच्या डेटाबेसमधल्या ओळखी उसन्या घेऊन काम भागेल असं ज्यांना वाटतं, ते इथे अडकतात.

तर पहिला हेलपाटा हा: नाव आणि टॅग द्यायचे, पीयूयूआयडी घ्यायचा.

दुसरा हेलपाटा सामन्यांच्या यादीसाठी. यादीत सामने नसतात, नुसते सामन्यांचे क्रमांक असतात. काही सांगितलं नाही तर २० मिळतात, मागितले तर एका वेळी जास्तीत जास्त १००. कोण जिंकलं, कोण हरलं, हे यादीत कुठेच नाही. त्यासाठी प्रत्येक क्रमांक घेऊन पुन्हा खिडकीवर जायचं आणि त्या सामन्याचा सगळा तपशील आणायचा. त्यात दहाही खेळाडू असतात, त्यांतून आपल्या मित्राची ७८ अक्षरं शोधायची आणि त्याच्यापुढे विजय खरा की खोटा लिहिलाय ते बघायचं. असे शंभर हेलपाटे. एकूण झाले एकशे दोन.

आणि इथेच मेख आहे. शिकणाऱ्यांना मिळणाऱ्या डेव्हलपमेंट कीवर दोन मर्यादा असतात: सेकंदाला २० रिक्वेस्ट आणि दोन मिनिटांत १००. म्हणजे आपलं काम मर्यादेच्या नेमकं दोन पावलं पुढे जातं. घाई करून पहिल्या शंभर रिक्वेस्ट भराभर संपवल्या, तरी उरलेल्या दोनसाठी दोन मिनिटांची खिडकी पुन्हा उघडेपर्यंत ताटकळावं लागतं. अठ्ठ्याण्णव सामन्यांच्या वेळी प्रोग्रॅम चाचणीत ठीक चालला असता, कारण रिक्वेस्ट बरोबर शंभर झाल्या असत्या आणि कुणाच्या काही लक्षातही आलं नसतं. शंभरावर सगळं उघडं पडतं.

मर्यादा ओलांडली की सर्व्हर ४२९ हा कोड परत पाठवतो. हा कोड गेमवाल्यांनी शोधलेला नाही, २०१२ च्या आरएफसी ६५८५ या मानकात तो आला आणि त्याचा अर्थ सरळ आहे: फार मागताय, दम धरा. उत्तरासोबत बहुधा 'रिट्राय-आफ्टर' नावाची एक ओळ येते, तिच्यात किती सेकंद थांबायचं तो आकडा असतो. नवखा प्रोग्रॅम ही ओळ वाचतच नाही. तो एक तर तिथेच कोसळतो, नाहीतर त्याहून वाईट, लगेच पुन्हा मागतो.

दुसरा प्रकार मी स्वतः केलाय. गेम वेगळा होता, नाव राहू दे. मी लूपमध्ये मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, "चूक आली तर पुन्हा प्रयत्न कर", आणि रात्री प्रोग्रॅम चालू ठेवून झोपलो. सर्व्हर रात्रभर "थांब" म्हणत होता आणि माझा प्रोग्रॅम रात्रभर "देतोस का? देतोस का?" विचारत होता. सकाळी की बंद केलेली होती. तक्रार करायला तोंड नव्हतं.

चांगली लायब्ररी ४२९ यायची वाटच बघत नाही. ती आधीच मोजत असते. प्रत्येक उत्तरासोबत सर्व्हर आतापर्यंतचा हिशेब पाठवतो: किती वेळात किती चालतात, त्यांतल्या किती वापरल्या. पुन्हा तो हिशेबही दुहेरी, एक संपूर्ण कीचा आणि एक त्या विशिष्ट प्रकारच्या रिक्वेस्टचा. लायब्ररी हे दोन्ही आकडे धरून ठेवते आणि पुढची रिक्वेस्ट मर्यादेबाहेर जाणार असं दिसलं की स्वतःच थबकते. आपल्याला वरून एवढंच दिसतं की प्रोग्रॅम मध्येच जरा रेंगाळला. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली रायट-वॉचर ही लायब्ररी अगदी पातळ आहे, खिडकीवर जशी कामं आहेत तशीच ती आपल्यासमोर मांडते, पण हे थांबण्याचं काम मात्र तीही स्वतः करते. सगळ्या गेमचे नियम सारखे नसतात हे वेगळं सांगायला नको. बुद्धिबळाच्या लीचेस या साइटवर सांगितलेलं असतं की एका वेळी एकच रिक्वेस्ट पाठवा, आणि ४२९ आला तर पूर्ण एक मिनिट गप्प बसा. गणिताची भानगडच नाही. मला हा नियम जास्त आवडतो.

पत्त्यांचा एक घोळ राहिलाच. रायटकडे एकच खिडकी नाही. कोरियातल्या खेळाडूची रँक हवी असेल तर कोरियाच्या पत्त्यावर जायचं, पण त्याच खेळाडूचे सामने हवे असतील तर आशियाच्या. पश्चिम युरोपातल्या खेळाडूचंही तसंच, रँक त्याच्या सर्व्हरच्या पत्त्यावर, सामने मात्र अख्ख्या युरोपच्या. चुकीच्या दारावर गेलात तर बरेचदा "असं कुणी नाही" एवढंच उत्तर येतं, आणि ४०४ बघून माणूस नावाचं स्पेलिंग तपासत बसतो. कॅसिओपियासारखी जाडजूड लायब्ररी कुठली माहिती कुठल्या दारावर मिळते याचा तक्ता पोटात ठेवते.

नुसत्या खुणांवरून किती घोटाळा होऊ शकतो, त्याची दोन उदाहरणं दुसरीकडून घेतो, कारण ती मला फार प्रिय आहेत.

क्लॅश ऑफ क्लॅन्स या गेममध्ये प्रत्येक खेळाडूचा आणि क्लॅनचा, म्हणजे खेळाडूंच्या गटाचा, टॅग # नं सुरू होतो. वेबच्या पत्त्यात मात्र # ला आधीपासून वेगळा अर्थ आहे: इथून पुढचा भाग या पानातली जागा दाखवण्यापुरता, तो सर्व्हरकडे पाठवायचा नाही. त्यामुळे टॅग जसाच्या तसा पत्त्यात चिकटवला की अख्खा टॅग वाटेतच गळतो. सर्व्हरला दिसतं, "खेळाडू", आणि पुढे काहीच नाही. उपाय एवढाच की # च्या जागी %२३ लिहायचं. आणखी एक खोड: या टॅगमध्ये शून्य असतो, पण 'ओ' हे अक्षर कधीच नसतं. माणसं मात्र स्क्रीनवरून बघून हमखास 'ओ' टाइप करतात. या गेमसाठी कोक-डॉट-पाय नावाची पायथन लायब्ररी आहे. ती टॅग हातात आला की आधी अक्षरं मोठ्या लिपीत नेते, 'ओ' चा शून्य करते, # नसेल तर लावते आणि मग %२३ करून पाठवते. चार ओळींचं काम, पण या चार ओळींसाठी कितीजणांची संध्याकाळ वाया गेली असेल! शिवाय या गेमची की ठरावीक आयपी पत्त्याला, म्हणजे मशीनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला, बांधलेली असते. स्वतःच्या मशीनवर नीट चाललेला प्रोग्रॅम भाड्याच्या सर्व्हरवर चढवला की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', देतो, आणि कोडमध्ये चूक काहीच नसते. ही लायब्ररी तुमच्या डेव्हलपर खात्यात स्वतः लॉगिन करून त्या जागेसाठी नवी की काढते.

दुसरं उदाहरण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं. तिथे प्रत्येक खात्याचा क्रमांक १७ आकडी असतो. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा नेहमीचा संख्याप्रकार ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक बिनचूक धरू शकतो. हे झाले १६ आकडे. त्यापुढे दोन शेजारच्या संख्या त्याला एकच वाटू लागतात, आणि स्टीमचे क्रमांक ज्या पट्ट्यात येतात तिथे तर दर १६ संख्यांमागे एकच टिकते. म्हणजे क्रमांक संख्या म्हणून वाचला की शेवटचे आकडे गुपचूप बदलतात, आणि समोर येतं ते भलत्याच माणसाचं प्रोफाइल. एरर नाही, इशारा नाही. म्हणून स्टीम हे क्रमांक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवतं, आणि शहाणी लायब्ररी त्यांना शेवटपर्यंत मजकूरच राहू देते. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ती संख्या नव्हेच, हे मी इथे शिकलो.

परत मित्राकडे. एकशे दोन हेलपाटे घालून झाले, आकडा मिळाला. आता प्रोग्रॅममध्ये एक छोटी सुधारणा करून तो पुन्हा चालवला तर? पुन्हा एकशे दोन? संपलेला सामना बदलत नाही. एकदा आणलेला तपशील मशीनवर साठवून ठेवला तर त्याच्यासाठी आयुष्यात परत जायला नको. याला कॅशिंग म्हणतात. पण प्रत्येक गोष्ट सामन्यासारखी गोठलेली नसते. रँक दर सामन्यानंतर हलते. ईव्ह ऑनलाइन या गेमच्या बाजारातल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डर खिडकीवर पाच मिनिटं जुन्याच मिळतात. सर्व्हर उत्तरासोबत सांगतो की ही माहिती अमुक वेळेपर्यंत ताजी समजा, त्याआधी कितीही वेळा विचारा, तेच उत्तर मिळेल. तरीही दर सेकंदाला विचारणारे असतात. लायब्ररी ती मुदत वाचते आणि मुदत संपायच्या आत तेच मागितलं तर खिडकीवर न जाता खिशातलं काढून देते. लायब्ररी निवडताना मी सगळ्यांत आधी हेच बघतो: ती कॅश करते का, आणि कुठली गोष्ट किती वेळ, हे मला ठरवता येतं का.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. काही लायब्ररी इतक्या मनमिळाऊ असतात की आपण खिडकीवर जातोय हेच कळत नाही. कॅसिओपियात खेळाडू म्हणून एक ऑब्जेक्ट मिळतो, त्याच्यापुढे टिंब देऊन काहीही विचारा. ती माहिती हाताशी नसेल तर त्या क्षणी मागे रिक्वेस्ट जाते. वाचायला निरागस दिसणारी एक ओळ, पण ती लूपमध्ये दहा खेळाडूंसाठी शंभर सामन्यांत फिरली की हजार रिक्वेस्ट. सोय हवीच, पण कुठल्या टिंबामागे हेलपाटा लपलाय ते ठाऊक असावं.

माहिती हाती आली म्हणजे ती कळली असं नव्हे, हा पुढचा धडा. सामन्याच्या तपशिलात तो किती वेळ चालला याचा आकडा असतो. ११.२० या पॅचच्या, म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीच्या, आधीच्या सामन्यांत तो मिलिसेकंदांत यायचा, नंतर सेकंदांत येऊ लागला. नाव तेच राहिलं. जुने-नवे सामने एकत्र करून सरासरी काढली तर अर्ध्या तासाचा जुना सामना जवळपास एकवीस दिवस चालल्यासारखा दिसतो. नावांचंही तसंच. वूकाँग नावाचा योद्धा खेळाडूंना वूकाँग म्हणून माहीत, पण डेटात त्याचं नाव मंकीकिंग आहे आणि क्रमांक ६२. लायब्ररी या सगळ्याचा शब्दकोश बाळगते आणि आपल्याला खेळाडूच्या भाषेत उत्तर देते. नवा योद्धा आला की तो शब्दकोश जुना होतो, म्हणून लायब्ररी अपडेट करावी लागते, किंवा ती तरी कंपनीकडून ताजा शब्दकोश ओढून घेणारी असावी लागते.

यावरून लायब्ररीच्या वयाचा मुद्दा येतो. खिडक्या बंद होतात. ईव्ह ऑनलाइनची जुनी एक्सएमएल एपीआय आणि तिच्यानंतर आलेली क्रेस्ट, दोन्ही मे २०१८ मध्ये कायमच्या मिटल्या आणि एकटी ईएसआय उरली. त्या दिवशी जुन्या खिडकीवर बेतलेली प्रत्येक लायब्ररी निकामी झाली. लीग ऑफ लीजेंड्समध्येही सामन्यांची एपीआय चौथ्या आवृत्तीतून पाचव्या आवृत्तीत गेली तेव्हा पत्ते आणि रचना दोन्ही बदलली. म्हणून इंटरनेटवर मिळालेला, छान समजावलेला, पण जुना नमुना चालला नाही तर स्वतःला दोष देऊ नका. लायब्ररीत शेवटचा बदल कधी झालाय ते आधी बघा. किती लोकांनी पसंतीचा तारा दिलाय, त्यापेक्षा ते महत्त्वाचं.

कीबद्दल थोडक्यात, कारण इथे चर्चेला वाव नाही. की म्हणजे पासवर्ड. ती कोडमध्ये लिहून सार्वजनिक ठिकाणी टाकू नका, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पानात तर मुळीच नाही. रायटची डेव्हलपमेंट की २४ तासांत आपोआप मरते, त्यामुळे काल चाललेला प्रोग्रॅम आज अडला तर आधी तीच बघायची. आणि दुसऱ्याच्या खात्यातली खासगी माहिती हवी असेल तर त्याचा पासवर्ड मागायचा नसतो. गेमच्याच पानावर तो लॉगिन करतो, कशाकशाला परवानगी देतो ते निवडतो आणि आपल्याला तेवढ्यापुरतं टोकन मिळतं.

ज्यांना आजच हात घालून बघायचंय त्यांनी लीचेसपासून सुरुवात करावी असं मी सुचवेन. तिथले सार्वजनिक डाव कीशिवायही मिळतात, पायथनसाठी बर्सर्क ही लायब्ररी आहे, आणि डाव एकेक करून ओळीनं वाहत येतात. सगळे येईपर्यंत थांबायची गरज नसते, पहिला डाव आला की लगेच कामाला लागता येतं. गप्पांच्या सर्व्हरवर आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, बनवायचा असेल तर मात्र असिंक प्रकारची लायब्ररी घ्या. साध्या लायब्ररीत उत्तर येईपर्यंत अख्खा बॉट मुका होतो, असिंकमध्ये तो तेवढ्यात दुसऱ्यांशी बोलत राहतो.

तर, मित्र. पहिला आकडा आला शंभरात एक्कावन्न. त्याला दाखवला तर म्हणाला, "त्यात अरॅमचे सामने धरलेत, मी रँकडचं बोलत होतो." मुद्दा बरोबर होता, अरॅम हा रँकमध्ये न धरला जाणारा वेगळा प्रकार आहे. यादी मागताना क्यूचा, म्हणजे सामन्याच्या प्रकाराचा, क्रमांक देता येतो, एकट्या-दुकट्या रँकडचा ४२०. तो दिला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. या शंभरातले अठ्ठावन्न आधीच कॅशमध्ये होते, नवे बेचाळीसच आणावे लागले, म्हणून या वेळी कुठे ताटकळायला लागलं नाही.

पण दोन सामने फक्त तीन-चार मिनिटांचे निघाले. सुरुवातीलाच कुणीतरी गायब झाल्यामुळे रिमेक, म्हणजे रद्द, झालेले. डेटात त्यांच्यापुढे लवकर संपल्याची खूण होती, पण ते यादीत होतेच. हे सामने धरायचे की सोडायचे, ते लायब्ररी सांगत नाही, ते मलाच ठरवायचं होतं. मी सोडले. अठ्ठ्याण्णवात त्रेपन्न.

"म्हणजे जवळजवळ साठच की," मित्र म्हणाला.